तुम्ही विचारलंत म्हणून: वास येतो पण दुखत नाही, मग राहू दिलं तर काय होतं?

मी स्त्रीरोग ओपीडीत सिस्टर आहे. त्यामुळं लग्नात, हळदीकुंकवाला, कुठंही बायका मला बाजूला घेतात आणि आवाज खाली करून विचारतात, "सिस्टर, अंगावरून जातं, वास पण येतो, पण खाज नाही, दुखत नाही, तसंच राहू दिलं तर चालेल ना?"

थोडं पांढरं पाणी सगळ्यांनाच जातं, आणि त्यानं हाडं झिजतात हे आधी मनातून काढा. पण पातळ, राखाडीसर जात असेल आणि मासळीसारखा वास येत असेल, त्यात संबंधानंतर जास्त, तर बहुतेक वेळा ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघतं, आम्ही बीव्ही म्हणतो. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते आतला आंबटपणा धरून ठेवतात, ते कमी झाले की बाकीचे माजतात. आणि बायका काय करतात, तर वास जावा म्हणून आतपर्यंत साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश, म्हणजे उरलेसुरले चांगले जंतू पण धुऊन टाकतात.

काहींचं आपोआप बरं होतं, हे खरं आहे. पण राहिलं तर आतलं संरक्षण गेलेलं असतं, म्हणून एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया असे संबंधातून पसरणारे आजार लागायची शक्यता वाढते. गर्भाशयाला आणि नळ्यांना सूज येण्याशीही बीव्हीचा संबंध आहे आणि ती सूज अंगावर काढली की नळ्या चिकटतात, मग दिवस राहायला अडचण. गरोदर बाईला बीव्ही असेल तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका जास्त. पिशवी साफ केल्यावर किंवा काढल्यावर इन्फेक्शन व्हायचा धोका पण वाढतो.

गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली, वर्षानुवर्षं "उष्णता आहे गं" म्हणत सब्जा पीत राहिली, कुणाला दाखवलं नाही, आणि मी तेव्हा लहान, मला काय कळणार.

उपचार साधा आहे. मेट्रोनिडाझोल, बहुतेकदा ७ दिवस, पण तिसऱ्या दिवशी वास गेला की गोळ्या बंद करतात त्याचा मला फार त्रास होतो, कोर्स पूर्ण करा ना. तरी वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना परत होतं, त्यात तुमची चूक नाही. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नवऱ्याला किंवा जोडीदाराला पण औषध दिलं तर १२ आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं, म्हणून सारखं होत असेल तर हे डॉक्टरांना नक्की विचारा.

दिवस गेलेले असतील किंवा कॉपर टी बसवायची असेल तर वासाचं आधीच सांगा, आम्ही रोज हेच ऐकतो, लाजू नका. आणि ताप, ओटीपोटात दुखणं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी या.