नवी आय-20 एन लाइन: काय बदललं, काय हात न लावता ठेवलं

कोल्हापुरात नवी गाडी घेतली की पाहुणे विचारतात, "ॲव्हरेज किती?" आणि मित्र विचारतात, "मग काय काय करणार तिला?" माझी ह्युंदाई आय-20 एन लाइन, सहा गिअरची मॅन्युअल, एमएच-09 पासिंग होऊन दारात उभी राहिली आणि मोबाइलवर याद्या पडायला लागल्या. रिमॅप (इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), फ्री फ्लो सायलेन्सर, कोन एअर फिल्टर, लोअरिंग स्प्रिंग, 17 इंची अलॉय. "करून टाक भावा, जाळ अन् धूर संगटच!"

या गावाला इंजिनाचा नाद जुनाच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांचे भाग ओतले जातात, उद्यमनगरात लेथवरचा माणूस नुसता तुटका तुकडा बघून नवा भाग बनवून देतो, आणि मोहितेंच्या गो-कार्ट ट्रॅकमुळे कॉलेजच्या पोरांनाही वळणातली 'लाइन', म्हणजे वळण घ्यायचा नेमका मार्ग, कळते. मी स्वतः शिरोलीत मशीन शॉपमध्ये आहे. मायक्रोमीटर हातात घेऊन दिवस जातो, त्यामुळे 'लय फरक पडतो' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कुठे पडतो, किती पडतो आणि त्यासाठी काय सोडावं लागतं, हे विचारल्याशिवाय खिशात हात जात नाही.

आधी गाडी आहे तशी काय आहे ते सांगतो. 998 सीसी, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, 120 पीएस, 172 न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो 1500 ते 4000 आरपीएमपर्यंत सपाट. चारही चाकांना डिस्क, साध्या आय-20 पेक्षा कडक सस्पेन्शन, कंपनीनेच जरा घुमणारा केलेला सायलेन्सर. खरी हॉट हॅच, म्हणजे आकाराने छोटी पण जोरात पळणारी गाडी, म्हणायची तर फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. ती 2025 मध्ये आपल्याकडे आली, पण किंमत 50 लाखांच्या वर. आमच्या खिशातली हॉट हॅच म्हणजे एन लाइन, टाटाची अल्ट्रोझ रेसर, नाहीतर जुनी पोलो जीटी. मग उरलेली कसर मोडिफिकेशनने भरून काढायचा मोह होणारच.

पहिली सर्व्हिस होईपर्यंत एक बोल्टही फिरवायचा नाही, हे ठरवलं होतं. त्या काळात वॉरंटीचं पुस्तक, विम्याची पॉलिसी आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून काढलं. कंटाळवाणं काम आहे, पण याद्या पाठवणाऱ्यांपैकी कुणी ते केलेलं नव्हतं. कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुक जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182 अ हे कलम आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं मला फारसं वाटलं नाही. विम्याचं वाटलं. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस पडला तर क्लेम अडकू शकतो, आणि समोरच्याला लागलं असेल तर प्रकरण पैशापुरतं राहत नाही.

मग स्वतःला एकच कसोटी लावली. जुलैत, पावसात, गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरताना ही वस्तू माझ्या उपयोगाची आहे का? रोजचं घर ते शिरोली कुठलीही गाडी करेल. पुण्याचा हायवे सहापदरीकरणाच्या कामात इतका वळवलेला असतो की तिथे ताकद असून उपयोग नाही. मजा घ्यायची ती घाटात, आणि आपले घाट वर्षातले निम्मे दिवस ओले.

या कसोटीवर यादीत सगळ्यात खाली असलेली वस्तू सगळ्यात वर आली: टायर. गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. इंजिनाने, ब्रेकने, स्टिअरिंगने काहीही ठरवलं तरी ते शेवटी त्या चार तुकड्यांतूनच रस्त्यावर उतरतं. कंपनीने दिलेले टायर वाईट नव्हते, पण त्यांचा कल मायलेज आणि टिकाऊपणाकडे. ओल्या वळणातून बाहेर पडताना जरा पाय दिला की चाक घसरतंय हे सांगणारा ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकायचा.

ताराराणी चौकाच्या बाजूच्या टायरवाल्याचा आग्रह होता 205/55 आर16 बसवायचा. "रुंद टायर, जास्त ग्रिप, आणि गाडी दिसते पण भारी." माझा मूळ साइज 195/55 आर16. हिशेब सोपा आहे: रुंदीच्या 55 टक्के ही साइडवॉलची उंची, ती दुप्पट करायची आणि त्यात 16 इंच म्हणजे 406 मिलिमीटर मिळवायचे. मूळ टायरचा व्यास 621 मिलिमीटर, त्याने सुचवलेल्याचा 632. म्हणजे 1.8 टक्के मोठा. मूळ टायरवर खरा 100 चा वेग जिथे दिसायचा, तिथे गाडी आता 102 ने धावणार. हा फरक धोक्याचा नाही, आणि 205 मध्ये चांगले टायर जास्त मिळतात हेही खरं. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी साचलेलंच असतं. शिवाय साइज बदलला की विमा कंपनीला पत्र लिहिणं आलं. मी साइज तोच ठेवला आणि रबर बदललं.

टायर निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. साइडवॉलवर 'ट्रेडवेअर'चा आकडा असतो; तो जितका कमी, तितकं रबर साधारण मऊ. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायलाच त्याचा उपयोग. दुसरा चार आकड्यांचा शिक्का: 2324 म्हणजे 2024 च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दुकानदार पहिल्यांदा जो सेट घेऊन आला त्यातले दोन टायर दीड वर्ष गोदामात पडलेले होते. ते परत पाठवले, तोही कुरकुरला नाही. गाडीचे जवळजवळ कोरे टायर त्यानेच ठेवून घेतले, त्यामुळे खिशातून गेलेली रक्कम वीस हजारांच्या आसपास राहिली. पहिल्या पावसात शेजारच्या करूळ घाटाकडे न जाता मुद्दाम भुईबावड्याने उतरलो. तीच वळणं, तोच गिअर, आणि तो दिवा गप्प.

ब्रेकचं मला उद्यमनगरातल्या मामांनी सुचवलं. मामा म्हणजे आमच्या घरच्या सगळ्या गाड्यांचे मिस्त्री. वडिलांच्या लुनापासून त्यांनी पाहिलंय. गाडी एक चक्कर मारून आणली, बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "पळतीया चांगली. पण घाट उतरून आल्यावर थांबतीया कशी, ते बघिटलंस का?"

बघितलं होतं. सलग उतारावर ब्रेक वापरले की पेडल जरा मऊ पडल्यासारखं वाटायचं. मामांनी समजावलं ते असं: ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट 3 फ्लुइड 205 अंशांना उकळतं, पाणी धरलेलं 140 ला. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली जातो पण दाब कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागापर्यंत, पोचत नाही. त्यांनी चांगल्या कंपनीचं डॉट 4 भरून चारही चाकांचं ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं) करून दिलं. खर्च दीड हजारसुद्धा नाही. "आणि उतारावर तिसऱ्यात राहा की, सगळं ब्रेकवर कशाला टाकतोस?" हेही ऐकवलं. मोठ्या डिस्क, लाल कॅलिपर यांचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

सस्पेन्शनला हात लावला नाही. 30 मिलिमीटरने खाली बसलेली एन लाइन फोटोत झकास दिसते हे मान्य. पण गावातले स्पीडब्रेकर ज्याने बनवले त्याच्याकडे फुटपट्टी नसावी, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कडेचे रस्ते उखडलेले असतात. स्प्रिंग छोटी केली आणि शॉकअप मूळचाच ठेवला तर त्याला हलायला जागा कमी उरते. मग खड्ड्यात तो तळाला आपटतो आणि ज्या वळणासाठी हे सगळं केलं तिथेच चाक उडतं. चांगला पूर्ण सेट घ्यायचा तर लाखाकडे जातो. विषय संपला.

रिमॅपवर मात्र मनापासून घासाघीस झाली, कारण त्यात मजा आहे हे मला माहीत आहे. एका मित्राची रिमॅप केलेली टर्बो गाडी कागलच्या बाजूला चालवून बघितली. दुसऱ्या गिअरला पाय दिल्यावर पाठ सीटला चिकटते, तोंडावर हसू आपोआप येतं. नाद खुळाच प्रकार आहे.

टर्बो गाडीत हे सोपं असतं. खराब पेट्रोल, उन्हाळा, घाट, निष्काळजी मालक हे सगळं धरून कंपनीने इंजिन जरा हात राखून बांधलेलं असतं. ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. त्यातले टर्बोचा दाब, इग्निशनचं टायमिंग, इंधन आणि टॉर्कची मर्यादा यांचे तक्ते बदलले की राखून ठेवलेलं बाहेर येतं. स्वस्तातला पर्याय म्हणजे ट्यूनिंग बॉक्स: तो सेन्सरच्या मध्ये बसून ईसीयूला 'दाब कमी आहे' असं खोटं सांगतो, मग ईसीयू दाब वाढवतो. खोट्यावर चालणारी गोष्ट मला तिथेच नकोशी झाली.

पण खऱ्या रिमॅपबाबतही तीन प्रश्न होते. पहिला क्लचचा. त्याच मित्राच्या गाडीत चौथ्या गिअरला चढावर पाय पूर्ण दिला की आरपीएम चढायचा आणि वेग मागे राहायचा, म्हणजे क्लच घसरत होता. 172 न्यूटन मीटरसाठी बनवलेल्या क्लचवर सव्वादोनशे टाकल्यावर तो किती दिवस सोसणार? दुसरा प्रश्न थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांचा. कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि तो ठोका पिस्टन फोडण्याइतका जोरदार असतो. 2020 मध्ये आलेला इंजिन ऑइलचा एपीआय एसपी हा दर्जा या ठोक्यापासूनही वाचवायला आहे. बहुतेक रिमॅप लोकांना खूश करायला खालच्याच आरपीएमला टॉर्क ओततात, म्हणजे नेमका धोक्याच्या जागी.

तिसरा प्रश्न इंधनाचा, आणि तो तर आमच्या जिल्ह्याचाच. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तेच बनतं, त्यामुळे इथेनॉलला शिव्या घालणारा माणूस कोल्हापुरात जरा आवाज कमी करून घालतो. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी न पेटण्याची ताकद, जास्त, त्यामुळे टर्बोला ते आवडतं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून तेवढ्याच ताकदीला इंधन जास्त लागतं. रिमॅपची फाइल कुठल्या पेट्रोलवर बसवली, हे मी दोन ट्यूनरना विचारलं. एकाने पुण्यातल्या 95 ऑक्टेनच्या पेट्रोलवर डायनो (मशीनवर ताकद मोजणं) केल्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला, "सगळ्यावर चालते, सर." दुसऱ्याशी बोलणं तिथेच थांबवलं.

पहिल्याशी बराच वेळ बोललो. तो प्रामाणिक वाटला. त्याने स्वतःहून सांगितलं की फाइल काढून मूळची परत टाकली तरी सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनमध्ये ईसीयू पुन्हा लिहिल्याची खूण राहू शकते, आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली असंच धरून चाला. सर्वात मोठा फायदा कुठे मिळतो विचारलं, तर म्हणाला, "हायवेला ओव्हरटेकिंग." माझ्या कसोटीत हायवे नव्हताच. वॉरंटी असेपर्यंत रिमॅप नाही. पुढचं पुढे.

सायलेन्सरचा निकाल घरातच लागला. बाबा आयुष्यभर सायकल आणि लुनावर फिरलेले. फ्री फ्लोची किंमत ऐकून म्हणाले, "अरे, एवढे पैसे देऊन पुंगळी घेणार? दारातून बुलेटवाले फुकट ऐकवून जातात की." टर्बो स्वतःच बराच आवाज गिळतो, त्यामुळे मूळ डबा धूर फारसा अडवत नाही; नुसता तो बदलून ताकद नावालाच वाढते आणि घुमणं मात्र वाढतं; शिवाय आवाजाच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. कोन फिल्टरही याच रांगेत बाद झाला. उघड्यावर बसवलेला फिल्टर इंजिनाजवळची गरम हवा ओढतो, आणि थंड हवा आत जावी म्हणून तर इंटरकूलर दिलेला असतो. मूळ डब्यातला साधा कागदी फिल्टर शिरोलीच्या धुळीत वेळेआधी बदलतो, एवढंच.

बाकी किरकोळ. बॉनेट आणि पुढच्या बंपरला पारदर्शक फिल्म, कारण हायवेच्या कामावरचे डंपर खडी उडवत जातात. डॅशकॅम. ऑइल बदलताना डब्यावर एपीआय एसपी वाचून घेणं.

एक वस्तू घेऊन ठेवली आहे पण लावलेली नाही: जास्त उष्णता सोसणारे पुढचे ब्रेक पॅड. मामांना दाखवले. त्यांनी बोटाने घासून बघितलं, सकाळच्या थंडीत पहिले दोन ब्रेक जरा लाकडी लागतील म्हणाले, आणि जुने पॅड अर्ध्याखाली जाईपर्यंत बसवणार नाही असं सांगून बॉक्स माझ्याच हातात परत दिला.