तिसरी ओळ

घरातल्या जुन्या पेटीत सात मोठे चमचे निघाले, काळेठिक्कर पडलेले. दांडीच्या मागे बारीक ठशांची रांग होती, इंग्लंडच्या चांदीवर असते तशी. त्यातला एक अक्षरांचा, म्हणजे कारागिराच्या आद्याक्षरांचा होता, म्हणून मी अधीरपणे तिथूनच सुरुवात केली. चुकलं ते तिथेच. भिंगातून वरच्या ओळीत 'पी. बी.', खाली 'ए. बी.' असं दिसलं आणि मी कारागिरांच्या याद्या चाळत बसलो. एकाच आद्याक्षरांची माणसं ढीगभर. त्यात जुने इंग्रज कारागीर 'जे'च्या जागी 'आय' वापरायचे, म्हणजे गोंधळात भर.

दोन दिवसांनी शहाणपण सुचलं: कारागीर शेवटी, आधी बाकीचे ठसे.

ठसे वाचायला पॉलिश लावू नका. घासून घासूनच ते पुसट झालेले असतात. मी मेणबत्तीची काजळी ठशावर धरली, चिकटपट्टी दाबून उचलली आणि पांढऱ्या कागदावर लावली. डोळ्यांना न दिसलेले बारकावे कागदावर उतरले. बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला फोटोही चालतो.

सातातला एक लगेच बाद झाला. त्याच्या ऐटबाज चौकटींमधली वळणदार अक्षरं नीट वाचल्यावर 'ई. पी. एन. एस.' निघाली. म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. या पद्धतीचं पेटंट एल्किंग्टन या इंग्रज कारखानदारांनी १८४० मध्ये घेतलं. अस्सल हॉलमार्कचा (चांदी तपासून मारलेल्या अधिकृत ठशांचा) भास व्हावा म्हणूनच अशा चौकटी करत असावेत, असं मला वाटतं.

उरलेल्या सहांवर चालणारा सिंह होता, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदी. मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड म्हणजे चांदी तपासली लंडनला. जहाजाचा नांगर असता तर बर्मिंगहॅमला. गंमत अशी की १८२१ पर्यंत लंडनचा सिंह आपल्याकडे मान वळवून बघतो, आणि बिबट्याचा मुकुटही त्याच वर्षी गेला. माझा सिंह बघत होता! शेजारी राजाचं डोकं होतं, उजवीकडे तोंड केलेलं. चांदीवरचा कर भरल्याची ती खूण १७८४ ते १८९० चालली. व्हिक्टोरिया राणीचं तोंड डावीकडे असतं, त्यामुळे तीही बाद.

राहिलं वर्षाचं अक्षर. हातातल्या चमच्यावर मोठा 'एफ' होता. लंडनमध्ये दर वर्षी एक, अशी 'ए' ते 'यू' वीस अक्षरं फिरत (मध्ये 'जे' नाही) आणि प्रत्येक फेरीत अक्षराचं वळण बदले. छोटा 'एफ' असता तर १७८१ किंवा १८२१. साधा मोठा 'एफ' म्हणजे १८०१. अक्षर मे महिन्यात बदले, म्हणून खरं तर १८०१-०२.

आणि इथेच घोडं अडलं. 'पी. बी.' आणि 'ए. बी.' म्हणजे पीटर आणि अ‍ॅन बेटमन हे मी धरून चाललो होतो. पीटर हा चांदीकामात नावाजलेल्या हेस्टर बेटमनचा मुलगा, अ‍ॅन तिची सून. पण त्या दोघांचा शिक्का १७९१ पासूनचा. १८०० मध्ये अ‍ॅनचा मुलगा विल्यम भागीदारीत आला आणि शिक्का तीन ओळींचा झाला. मग १८०१ च्या चमच्यावर दोनच ओळी कशा?

सहाही चमच्यांची काजळी पुन्हा घेतली. पाचांवर काही नाही. सहावा कमी वापरला गेला असावा, त्याच्यावर 'ए. बी.'च्या खाली 'डब्ल्यू'चे दोन पाय आणि 'बी'ची पाठ अंधूक उमटली. बाकीच्यांवर चौकट खाली लांब होती, आतली ओळ झिजलेली. चौकटीचा आकार बघायचं मला सुचलंच नव्हतं.

सहाव्यावर वर्षाचं अक्षर मात्र 'एच' आहे, म्हणजे १८०३-०४. बहुधा आधीचा एक चमचा हरवला आणि जोडीला तसाच करून घेतला. पुढे कधीतरी आणखी एक हरवला असेल, तेव्हा मुलाम्यावर भागवलं.