गोधडी फ्रेमवर चढवताना

हाताने धावदोरा घालताना कापड कुठे फुगलं, तर तळहाताने दाबून पुढच्या चार टाक्यांत ते जिरवता येतं. लाँगआर्मवर, म्हणजे गोधडी शिवायच्या लांब हाताच्या यंत्रावर, झोल असा जिरत नाही. इथे गोधडी फ्रेमच्या रोलरवर गुंडाळलेली असते आणि शिलाईचं यंत्रच रुळावर फिरतं. एका वेळी बारा-चौदा इंचांचा पट्टा समोर येतो, तो संपला की गोधडी गुंडाळायची आणि पुढचा पट्टा घ्यायचा. वरचा झोल असा ढकलला जात जात खालच्या काठाशी येतो आणि तिथे चुणी होऊन पक्का शिवला जातो. म्हणून ठिगळं हाताने जोडायची आणि शिलाई यंत्रावर करायची असेल, तर निम्मं काम फ्रेमला हात लावण्याआधीच उरकलेलं असतं.

आधी वरचा पदर, म्हणजे ठिगळं जोडून झालेलं वरचं कापड, मोजा. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीचा कर्ण १०८ इंचांच्या थोडा वर भरतो. दोन्ही कर्ण मोजायचे. त्यांत इंचाहून जास्त फरक आला तर पदर तिरका आहे, आणि यंत्र तो सरळ करणार नाही. कडेची पट्टी लावताना ती काठाकाठाने मोजत जाऊ नका. काठ ओढला गेलेला असतो, मग पट्टी लांब पडते आणि कड लाटेसारखी हलते. पदराची लांबी मध्ये आणि दोन्ही बाजूंनी थोडं आत, अशी तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या, पट्टी तेवढीच कापा आणि तिच्यात पदर बसवा. हाताने जोडलेल्या ठिगळांच्या शिवणी काठाशी उसवतात, त्यामुळे चारी बाजूंनी काठापासून पाव इंचाच्या आतच एक साधी शिलाई मारून घ्या. नाहीतर यंत्राचा पाय उघड्या शिवणीत अडकतो आणि ठिगळच फाडतो.

आता पोटातलं. आपल्याकडे गोधडीच्या पोटात जुनी लुगडी आणि धोतरं जातात. लाँगआर्मसोबत मिळणारी सगळी माहिती मात्र बॅटिंग धरून लिहिलेली असते. बॅटिंग म्हणजे कापसाचा किंवा पॉलिस्टरचा तयार सलग थर. जळगाव-धुळ्याचा कापूस पिंजून तसाच पसरला तर चालत नाही. तो रोलरवर गोळा होतो आणि पहिल्या धुण्यात एका कोपऱ्यात जाऊन बसतो. लुगडी चालतात, पण मऊ सुती लुगड्याचे दोन थर, फार तर तीन. वरचा पदर आणि अस्तर धरून चार-पाच कापडं झाली. सहा-सात थरांची जाडजूड गोधडी हातानेच शिवावी. यंत्रावर ती सुया खाते आणि शिलाईही देखणी येत नाही.

लुगडं सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचा एक दोरा काढून पेटवा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो. असं कापड थरात घसरतं आणि इस्त्रीखाली वितळतं, ते बाजूला ठेवा. लुगड्याचा जरीचा काठ आणि जरीचा पदर कापून टाका, सुईचं टोक तिथेच बोथट होतं. साधा सुती काठही मधल्या कापडापेक्षा घट्ट विणलेला असतो, तो ठेवला तर कापड दोन्ही बाजूंनी आखडतं. मग हे थर एकावर एक पसरून चार-पाच इंचांच्या कच्च्या टाक्याने जोडून घ्या, म्हणजे फ्रेमवर ते एका थरासारखे वागतात. शिलाई जवळ आली की कच्चा दोरा काढत चला.

अस्तर चारी बाजूंनी ४ इंच जास्त हवं, म्हणजे ६०-९०च्या गोधडीला ६८ बाय ९८. पोटातले थरही तेवढेच. अस्तर नवं असेल तर आधी धुवा. आतली लुगडी आटून आटून थकलेली असतात आणि नवं कापड एकटंच आटतं. अस्तराला जोड द्यावा लागला तर तो रोलरला समांतर ठेवा. उभा जोड प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी गुंडाळला जातो, तिथे रोलर जाड होतो आणि दोन्ही बाजू सैल पडतात. त्यासाठी ९०ची बाजू रोलरवर येईल अशी गोधडी आडवी चढवा. १० फुटी फ्रेमवर ९८ इंच आरामात मावतात. अस्तराला जुनी साडीच वापरायची असेल तर तिच्या कडांना ३ इंची नव्या कापडाची पट्टी जोडा, नाहीतर अस्तर बाजूंनी ताणून धरणाऱ्या क्लॅम्पच्या ओढीने साडी फाटते.

अस्तराचा मधला बिंदू आणि रोलरवरच्या कापडी पट्टीचा मधला बिंदू जुळवून मधून कडेला टाचण्या लावत जा, दर दोन इंचांवर एक. अस्तर ताणून झालं की त्यावर पोटातले थर, मग वरचा पदर, आणि वरच्या काठापासून पाव इंचावर एक सरळ शिलाई. ताण किती, यातच सगळे चुकतात. बाजेच्या सुतळीसारखं कडक नको. खालून बोट वर दाबलं की वरच्या हाताला ते चिमटीत धरता आलं पाहिजे. जास्त ताणलं तर सुई वाकते, टाके उडतात, आणि गोधडी उतरवल्यावर अस्तर आखडून सगळीकडे चुण्या पडतात. गुंडाळी वाढत गेली की रोलर थोडा वर उचला. यंत्राचा पाट आणि गोधडी यांत बोटभर फट राहिली पाहिजे.

सुई या जाडीला १८ नंबरची, साध्या बॅटिंगला १६ पुरते. दर गोधडीला नवी सुई. पाय एवढाच उंच ठेवा की त्याच्याखालून पोस्टकार्ड जेमतेम सरकेल. टाके इंचाला दहा. घडी जाड असेल तर नऊ.

दोऱ्याचा ताण आधी बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, बघायचा. बॉबिन केस दोऱ्याला टांगून हलका झटका द्या. ती थोडी खाली सरकून थांबली तर बरोबर. सरसर खाली आली तर सैल आहे, जागची हलली नाही तर कडक. स्क्रू घड्याळाच्या काट्यावर पाच मिनिटं सरकतो एवढाच फिरवा. नंतर कडेच्या फालतू कापडावर वर लाल, खाली पांढरा दोरा घालून वळणं शिवून बघा. वळणावर उलट बाजूला लाल दोऱ्याची दाढी दिसली तर वरचा ताण कमी आहे किंवा हात फार जोरात चालला आहे. पांढरा वर डोकावला तर वरचा ताण जास्त. दोरा पिसासारखा सुटून तुटत असेल तर आधी सुई बदला, मग ती नीट वर बसली आहे का आणि तिची खोबण पुढे आहे का ते बघा. ताणाच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा.

जुन्या लुगड्यांची लव फार झडते. दर बॉबिनला हुक, म्हणजे बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणारा भाग, ब्रशने साफ करून तेलाचा एक थेंब टाका. मे महिन्यात जळगाव ४४ अंशांवर गेलं की पंखा हवाच, पण त्याच्या वाऱ्याने कोनवरचा दोरा फडफडतो आणि ताण हलतो, म्हणून कोनवर जाळी चढवा. कुलरचा झोत तर यंत्रावर नकोच, हुक गंजतो. अचानक वीज गेली तर चाक हाताने फिरवून सुई वर घ्या, मगच यंत्र हलवा. पुन्हा सुरू करताना अर्धा इंच मागून चार-पाच बारीक टाके घ्या.

नक्षीचं म्हणाल तर त्रिकोणी ठिगळांवर गुलाबाच्या वेली चढवू नयेत, ठिगळंही दिसत नाहीत आणि वेलीही. हाताच्या गोधडीत काठापासून मध्याकडे जाणारे चौकोनी फेर असतात. यंत्रावर ते सलग येत नाहीत, कारण गोधडी एका वेळी अर्धीही दिसत नाही. फेर हवेच असतील तर चढवण्याआधी खडूने सगळे आखा आणि प्रत्येक पट्ट्यात तेवढेच तुकडे शिवा. दोरा शंभरदा तोडावा लागेल. आडव्या लाटा सोप्या. १० इंच उंचीच्या लाटांच्या सहा ओळींत ६० इंच भरतात. लाटेच्या आतल्या रेषांत दोन-अडीच इंचांहून जास्त अंतर नको. घटस्थापनेआधी हीच गोधडी गिरणा नदीच्या दगडावर आपटली जाते, आणि मोकळ्या जागेतलं जुनं लुगडं पहिल्यांदा विरतं. ओळ सुरू करण्याआधी बॉबिन बघा.

उतरवल्यावर कडा सरळ कापून गोट लावायचा. घेर ३०० इंच, जोड आणि कोपऱ्यांसाठी १५ जास्त. अडीच इंच रुंदीच्या, ४४ इंची कापडाच्या आठ पट्ट्या पुरतात. पट्टी दुहेरी घडी घालून सुलट बाजूने मशीनवर शिवा आणि उलट बाजूला वळवून हाताने बारीक टाक्यात लपवा. इथे घाई केली की कोपरे गोल होतात. कोपऱ्यापासून पाव इंच अलीकडे थांबा, दोरा तोडा, पट्टी वर दुमडून खाली आणा आणि काठापासून पुन्हा सुरू करा.