आमची वाटचाल : सांगली ते घारापुरी

सांगलीच्या विश्रामबागेत वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या यात्रा कंपनीचा व्याप सुरुवातीला नरसोबाची वाडी, पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट एवढाच होता. व्यवसाय माझ्याकडे आल्यावर त्यात शाळांच्या सहली आणि मुंबई दर्शनाची भर पडली. आज मात्र आम्हाला ओळखले जाते ते घारापुरीच्या सहलीमुळे.

मुंबई दर्शनाच्या कार्यक्रमात या बेटाच्या वाट्याला जेमतेम दोन-अडीच तास येतात. तेवढ्यात लेणे पाहून होते, बेट पाहून होत नाही, असे माझे ठाम मत असल्याने आम्ही घारापुरीला पूर्ण दिवस द्यायचे ठरवले. दर थोडा वाढला, तरी गिऱ्हाईक टिकले.

गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात धक्क्याला लागते. तिथून पुढे मोटारीचा प्रश्नच नाही. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे आणि त्यानंतर दुतर्फा दुकाने असलेल्या सुमारे १२० पायऱ्या चढायच्या असतात. ज्येष्ठ यात्रेकरूंसाठी डोली ठरवण्याचे काम आमचा माणूस करतो. सहाव्या शतकात कोरलेल्या मुख्य लेण्यात शिरताच सगळ्यांची पावले सुमारे २० फूट उंचीच्या त्रिमुखी सदाशिवाकडे वळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचा विवाह आणि अर्धनारीश्वर या शिल्पांपुढे प्रत्येकाला निवांत उभे राहता यावे, यासाठीच आम्ही एका बसपेक्षा जास्त माणसे कधी नेत नाही. युनेस्कोने १९८७ साली जागतिक वारसा म्हणून गौरवलेली ही जागा रांगेत ढकलत दाखवणे मला पटत नाही.

दुपारनंतरचा वेळ गावासाठी राखलेला असतो. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या बेटावरच्या तीन वस्त्या. समोर मुंबईचा झगमगाट दिसत असूनही समुद्राखालून केबल टाकून येथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटरवर भागवावे लागत असे. कृष्णाकाठच्या आमच्या मंडळींना महापुराची सवय आहे, परंतु बाजार, दवाखाना आणि पुढचे शिक्षण या सगळ्यासाठी लाँचवर अवलंबून असणारे हे जगणे त्यांना नवे वाटते, आणि याविषयी ते गावकऱ्यांना मनापासून प्रश्न विचारतात.

पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नसल्याने संध्याकाळच्या लाँचने परतावे लागते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बस तिकडे वळते आणि मगच सांगलीचा रस्ता धरते. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्राचा भरवसा नसतो, त्यामुळे ही सहल आम्ही दिवाळीनंतरच, सोमवार टाळून काढतो.