ओटीतून फोन आला, स्किन तयार आहे

जखमा कशा भरतात ते बघणाऱ्या आमच्या लॅबमध्ये पीएचडीसाठी विचारायला येणारी मुलं आधी स्टायपेंड विचारतात, त्यात चूक काय, नेट-जेआरएफ ही सरकारी फेलोशिप असेल तर महिना ३७,००० अधिक एचआरए, त्यावरच राहायचं असतं. पण त्या दिवशी एमएस्सीची एक मुलगी आली आणि तेवढ्यात ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून फोन, स्किन तयार आहे. म्हटलं चल सोबत, रस्त्यात बोलू.

टमी टकमध्ये पोटाची जादा कातडी काढतात, एरवी ती पिवळ्या पिशवीत जाते. इथे पेशंटने आधीच संमतीपत्रावर सही केलेली, आमच्याकडे नाव येत नाही, फक्त कोड, वय आणि शुगर आहे का ते. लॅबमध्ये आल्यावर हूडखाली, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटाशी बसून कात्रीने चरबी काढायची, हे सगळ्यात बोअर काम, ग्लोव्हज नुसते तुपकट होतात. मग पंच नावाच्या गोल पात्याने छोटी जखम करायची आणि तुकडा जाळीवर ठेवायचा, वरून हवा खालून मीडिया, म्हणजे पेशींना जगवणारं पोषक पाणी, ३७ डिग्रीला इनक्युबेटरमध्ये.

ती म्हणाली, ताई, रक्तच नाही तर जखम भरणार कशी? मी मायक्रोस्कोपला आधीच्या बॅचची स्लाइड लावून दिली. दोन्ही कडांनी नव्या पेशींची पातळ जीभ जखमेत सरकत आलेली, कातडीची मालकीण केव्हाच डिस्चार्ज घेऊन घरी. पोरगी आयपीसवरून डोळा काढेना!

जखमांचे प्रयोग बरेच जण उंदरावर करतात, पण उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, तो कडा ओढून जखम आवळतो, म्हणून ती आवळू नये यासाठी लोक भोवती सिलिकॉनची रिंग शिवतात. माणसात जखम मुख्यतः नवीन पेशींनीच भरते, म्हणून मला डिशमधला हा माणसाच्या कातडीचा तुकडा जास्त खरा वाटतो. अर्थात त्यात रक्तातून येणाऱ्या मॅक्रोफेज, म्हणजे सूज आणि सफाई सांभाळणाऱ्या पेशी नाहीत, त्यामुळे डायबेटिक फूटची, म्हणजे मधुमेहींच्या पायाच्या जखमेची महिनोन्‌महिने धुमसणारी सूज इथे दिसत नाही, तेही तिला सांगितलं.

जाताना तिने विचारलं, असे फोन किती येतात? म्हटलं काही खरं नाही, सर्जन सुट्टीवर गेले की महिना कोरडा. अर्ज करशील तिथे गाईडला हेच आधी विचार, स्किन येते कुठून आणि एथिक्सचे कागद झालेत का, नाहीतर पहिलं वर्ष त्या कमिटीच्या मागेच जातं.

परवा तिचा मेसेज, एका गाईडकडे फक्त हाकॅटवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या त्वचापेशींवर, स्क्रॅच असे चालतात, म्हणजे पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो कसा भरतो ते बघतात, जाऊ का? वाईट नाही, हात बसतो. पण जर्मनीत १९८८ साली तयार झालेल्या त्या पेशी म्हाताऱ्या होतच नाहीत, आणि आपल्या वॉर्डातले डायबेटिक पाय साठीच्या पुढचे. जा म्हटलं, पण कोगाईड म्हणून एखादा सर्जन मिळतो का ते आधी बघ.