निपलच्या पाइपातला चिकटा

शिक्रापूरजवळ मामाचं ब्रॉयलरचं शेड आहे आणि मी पुण्यात लॅबमध्ये फाजवर काम करते. फाज म्हणजे काय, हे घरात मामीला सगळ्यात आधी समजलं. "म्हणजे जंतूंनाच होणारा रोग की!" अगदी तेच. जीवाणूंना गाठून मारणारे विषाणू.

बॅच गेली की मामा शेड धुतो, चुना मारतो, नवं तूस पसरतो. पाण्याच्या लाइनकडे मात्र कोणी बघत नाही. मागच्या वेळी शेवटच्या निपलपुढचं (निपल म्हणजे कोंबडी चोच लावून पाणी पिते ती तोटी) बूच काढून आत बोट फिरवलं, तर तपकिरी, बुळबुळीत थर हाताला आला. वास विचारू नका. हीच बायोफिल्म. जीवाणू पाइपला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या साखळ्यांचा चिकटा तयार करतात. ब्रूडिंगची, म्हणजे लहान पिल्लांसाठी केलेली ऊब, पिल्लं लहान म्हणून पाणी जवळजवळ थांबलेलं, वर गूळपाणी आणि व्हिटॅमिन. अजून काय हवं त्यांना? क्लोरीन वरच्या थरातच खर्ची पडतं, आतले मजेत राहतात.

काही फाजांच्या शेपटीवर हा चिकटाच कापणारं एन्झाइम असतं, म्हणून मला ते आवडतात. वाट काढत आत शिरायचं, जीवाणूत आपला डीएनए सोडायचा, त्याच्याच यंत्रणेवर पिल्लावळ वाढवायची आणि त्याला फोडून बाहेर पडायचं. कल्पना नवी नाही. फेलिक्स द'हेरेलने 1919 मध्ये फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर फाज वापरून पाहिले होते. पुढे अँटिबायोटिक आली आणि युरोप-अमेरिकेत हे मागे पडलं. आता त्यातलं कोलिस्टिन 2019 पासून आपल्याकडे पोल्ट्रीत बंद आहे, त्यामुळे पुन्हा फाजांची आठवण.

फाज मिळतात कुठे? जिथे जीवाणू, तिथे. आम्ही मुठेचं पाणी आणतो (घाटावर बाटली भरताना लोक फार दयेने बघतात), 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो आणि लॅबच्या बशीत वाढवलेल्या जीवाणूंच्या थरावर थेंब सोडतो. दुसऱ्या दिवशी तिथे काचेसारखा स्वच्छ ठिपका दिसला, की काम झालं.

मामाचा प्रश्न सरळ होता. "मग टाकीत ओतू का?"

नको. टाकीत ब्लीचिंग असतं, ते आधी फाजालाच मारेल. शिवाय साल्मोनेला या जीवाणूचा फाज स्यूडोमोनास या दुसऱ्या जीवाणूकडे ढुंकूनही बघत नाही, आणि पाइपात तर सगळी खिचडी. म्हणून अनेक फाजांचं मिश्रण लागतं. थराच्या तळाशी सुस्त पडलेल्या जीवाणूंत फाज नीट वाढत नाहीत, आणि जे जीवाणू वाचतात ते पुढे दाद देत नाहीत. लॅबमधली बाटली तशीच उचलून देणंही मला मान्य नाही. त्यात फुटलेल्या जीवाणूंचं विष असतं, आणि काही फाज नको ती जनुकं एका जीवाणूतून दुसऱ्यात नेतात. शुद्धीकरण आणि जनुकांची तपासणी याशिवाय शेडमध्ये काहीही जाऊ नये.

माझ्या मते फाजाची पाळी शेवटी. आधी शेड रिकामं असताना जोराने फ्लशिंग, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, मग साध्या पाण्याने धुणं. एवढं न करता फाज विकत घेणारा पैसे पाण्यात घालेल.

मामाने प्रत्येक लाइनच्या टोकाला फ्लशिंगचा कॉक बसवलाय. गूळपाणी आता लाइनमधून जात नाही, पिल्लांसाठी मामीने जुने बेबी ड्रिंकर काढलेत. ते रोज घासायचे कोणी, यावर दोघांचं अजून ठरत नाहीये.