आमची वाटचाल : रंगकामाकडून गळतीकडे

डोंबिवली-कल्याण पट्ट्यात आमची सुरुवात रंगकामाने झाली. भाडेकरूने घर सोडलं की नवा यायच्या आत भिंतींवर दोन हात मारून द्यायचे, एवढंच काम. पण ठरावीक भिंतींवर वर्षाच्या आत पुन्हा पोपडे यायचे, कंपनी कुठलीही असो. रंगाचा दोष नव्हता, मागे पाणी मुरत होतं. आता रंग हे आमचं शेवटचं काम असतं.

भाड्याच्या घरातली गळती बहुधा क्षुल्लक जागी असते. बेसिनखालच्या कनेक्शन पाइपातला रबरी वायसर कडक होतो. थेंब पाइपावरून ओघळतो, नटाभोवती पांढरा क्षार सोडतो आणि मागच्या प्लायमध्ये जिरतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चारेक लिटर, सहा महिन्यांत सातशेच्या वर. डिपॉझिट कापतील म्हणून भाडेकरू बोलत नाही आणि मालक राहतो परगावी. आमच्या मते यात भाडेकरूपेक्षा करारच जास्त चुकतो. गळती कोणाला, किती दिवसांत कळवायची, ही ओळच 11 महिन्यांच्या करारात सापडत नाही.

ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर आधी त्या विजेच्या लाइनचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) खाली. मग सगळे नळ बंद करून पाण्याच्या लाइनला प्रेशरचा काटा असलेल्या छोट्या हातपंपाने प्रेशर द्यायचं. काटा उतरला तर गळती येणाऱ्या पाण्याची. स्थिर राहिला तर नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला) बूच मारून बाथरूममध्ये इंचभर पाणी 24 तास तुंबवायचं. खालच्या छतावरचा डाग गडद झाला तर कोब्यातलं (फरशीखालच्या सिमेंटच्या थरातलं) वॉटरप्रूफिंग गेलेलं. नाही झाला तर बूच काढून रंगीत पाणी ओतायचं. दोष ट्रॅपच्या सांध्यात असला तर तो रंग खाली उतरतो.

टाइल्सच्या सांध्यांत नुसतं व्हाइट सिमेंट भरणं हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि सगळ्यात फसवा. खऱ्या दुरुस्तीने गळती थांबली तरी कोब्यात साठलेलं पाणी पुढे काही आठवडे झिरपतं. काम फसलं असं समजून चांगली दुरुस्ती पुन्हा फोडलेली आम्ही पाहिली आहे.

भिंत वाळवण्यात घाई चालत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकून प्लास्टर जिथे बद, म्हणजे पोकळ, वाजेल तिथून, ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत, विटेपर्यंत काढायचं. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला की तो परत आत जातो. पंखा, उघड्या खिडक्या, पावसाळ्यात डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र). मग फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून 24 तास ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर थांबायचं. खोलीकडच्या बाजूला आलं तर तो हवेतला दमटपणा, भिंतीचा दोष नाही. नवं प्लास्टर सिमेंट-वाळू 1:4, किमान सात दिवस पाणी मारायचं, पूर्ण वाळल्यावरच पुट्टी. फुगलेली एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याची) दारं वाळवून उपयोग नाही, बदलावीच लागतात.

पैशांचा वाद सोसायटीच्या उपविधींवर येऊन ठरतो: घरातली नळजोडणी सभासदाची, गच्ची आणि बाहेरचे पाइप सोसायटीचे. म्हणून गळतीची जागा सापडली की फोडण्याआधी फोटो काढून मालक आणि भाडेकरू दोघांनाही पाठवतो.

अलीकडे किल्ल्या देण्याआधीची तपासणीही आमच्याकडे येते. प्रत्येक अँगल कॉकभोवती (बेसिन-फ्लशला पाणी देणाऱ्या भिंतीतल्या छोट्या नळाभोवती) कोरडा टिश्यू गुंडाळायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडून बघायचा.